नोलाने हॉर्न दाबला नाही

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि तुम्ही माझ्याकडे कशासाठी येता ते मला चांगले ठाऊक आहे. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. ती उचलायची, स्टीअरिंगला दोन हिसके द्यायचे, तोंडाने घर्र घर्र करायचे आणि पळायचे. जाताना तुमच्यापैकी कोणीतरी ‘बिचारी!’ म्हणतेच. तेवढे मात्र म्हणू नका. कीव केलेली मला खपत नाही. एका माणसाची गावाने वर्षभर कीव केली, ती मी जवळून पाहिली आहे. शत्रूने त्याचे एवढे वाटोळे केले नसते.

माझा रंग सायीसारखा होता, आता ओळखू येत नाही. मागे मेंढ्यांचे खाद्य मावेल एवढी ऐसपैस जागा होती. गव्हाचे पीक उदंड आले त्या वर्षी ओटो नॉस्के यांनी मला शहरातून टारंडुकला आणले. मागच्या सीटवर त्यांची दोन मुले होती. थोरली नोला आणि धाकटा रॉली. खिडकीशी कोणी बसायचे यावरून ती दोघे रस्ताभर भांडली. माझ्या दाराच्या आतल्या बाजूचे पहिले ओरखडे त्याच भांडणातले.

टारंडुकच्या मैदानाला पायऱ्या नाहीत आणि छप्परही नाही. लंबगोल मैदान, भोवती लाकडी कुंपण आणि कुंपणाला नाक लावून उभ्या केलेल्या गाड्या. शनिवारी सगळे गाव गाडीत बसूनच फुटबॉल पाही. आमच्या फुटबॉलात चेंडू हातानेही धरता येतो. दक्षिणेकडच्या खांबांजवळ, निलगिरीच्या बुंध्याशी, ती जागा नॉस्क्यांची. तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावली तर ओटो काही बोलत नसत. नुसते त्याच्या मागे मला उभे करून ठेवत, म्हणजे त्याला रात्रीपर्यंत घरी जाता येत नसे.

आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत. बाहेर थंडी असते आणि काचा वर असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला की सहा गुण, आणि सहा गुण झाले की साऱ्या गाड्यांचे हॉर्न. बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण, त्याला कोणी हॉर्न वाजवत नाही.

रॉली मोठा झाला आणि त्या खांबांसमोर खेळू लागला. काय सांगू तुम्हांला! चेंडू उंच उडाला की तो दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर जायचा आणि झाडावरचे फळ काढावे तसा चेंडू काढून आणायचा. एका दुपारी त्याने इतके गोल मारले की हॉर्न वाजवून वाजवून माझी बॅटरी संपली. हरलेल्या संघाच्या पोरांनी मला ढकलत रस्त्यापर्यंत नेले आणि ओटो आत बसून हसत राहिले. तसे हसताना मी त्यांना पुन्हा पाहिले नाही. पुढे ते वारले आणि मी नोलाकडे आले.

वर्षे गेली. रॉली छत्तिशीला आला. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधल्याशिवाय त्याला मैदानात उतरता येईना. कुंपणावर टेकलेली माणसे आता वेगळेच बोलू लागली.

“ए नॉस्के, पळतोयस का जमीन मोजतोयस?”

“आजोबा, काठी गाडीत राहिली वाटतं!”

नोला काच खाली करून भांडायची. खाटीक डुगनला तर ती म्हणाली होती, “आधी तोंडातला घास गिळ, डुगन, मग माझ्या भावाचं नाव घे.”

पण ही माणसे निदान तोंडावर बोलत. बाकीच्यांचे काय सांगावे? त्याच्याबरोबर खेळणारे त्याच्या वाटची धाव स्वतः घेत आणि सामन्यानंतर त्याच्या पाठीवर थाप मारत, “झकास खेळलास, रॉली.” तो पाठमोरा झाला की एकमेकांना डोळे मारत. मी कुंपणाशी उभी असे. मला सगळे दिसे, आणि माझ्यात बसलेल्या नोलालाही.

मग तो शनिवार आला. सामना संपत आला होता. खांबांपासून बराच लांब, तिरक्या कोनात, रॉलीला चेंडू मिळाला. वीस वर्षांचा पेरिन अगदी खांबांसमोर एकटा उभा होता, दोन्ही हात वर करून. आंधळ्यालाही दिसला असता. रॉलीने त्याच्याकडे पाहिले, मान फिरवली आणि स्वतःच लाथ मारली. चेंडू हेलकावे खात कसाबसा मधल्या खांबांतून गेला. साऱ्या गाड्या बोंबलल्या. मी गप्प होते. नोलाच्या हातातल्या विणकामाच्या सुया चालू होत्या आणि हॉर्नवर हात नव्हता. आमच्या जागेवरून रॉलीच्या गोलाला हॉर्न गेला नाही असे त्या दिवशी पहिल्यांदाच घडले.

सामना संपल्यावर रॉली चिखलाने माखलेला, लंगडत, थेट माझ्याकडे आला. माझ्या बॉनेटवर त्याने मूठ आपटली.

“हॉर्न बिघडलाय का गं?”

“हॉर्न ठणठणीत आहे.”

“मग काय झोप लागली होती?”

“जागी होते. म्हणूनच नाही वाजवला.”

“गोल होता तो, नोला!”

“पेरिन एकटा उभा होता.”

“मी मारला ना? गेला ना आत?”

“गेला.”

“बाबा असते तर बॅटरी संपवली असती त्यांनी.”

“बाबा असते तर खाली उतरून तुझे कान उपटले असते.”

आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा भराभर खाली आल्या होत्या. फुकटची करमणूक कोण सोडतो? रॉली माझ्या चाकावर थुंकला आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी हंगामातला शेवटचा साखळी सामना होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर घरी. गुरुवारी सरावानंतर संघ निवडायचा होता. निवड समितीत तिघे होते. नोलाचा नवरा कीथ अध्यक्ष, खाटीक डुगन, आणि रॉलीला लहानपणी खेळ शिकवणारा म्हातारा व्हर्न. क्लबाच्या खोलीत बायका सूप ढवळत होत्या, खेळाडू कपडे बदलत होते आणि बाहेर पाऊस होता. म्हणून तिघे माझ्यात येऊन बसले. नोला स्टीअरिंगशी विणत बसली होतीच.

“तू जरा आत जाऊन येतेस का?” कीथ तिला म्हणाला.

“गाडी माझी, पाऊस बाहेर. तुम्हीच जा.”

कोणी उठले नाही. बाकीची नावे चटकन ठरली. मग उरले एकच नाव.

“रॉलीला काढलंत तर मी या क्लबात पाय ठेवणार नाही,” व्हर्न म्हणाला. “त्याच्या हातात आलेला चेंडू अजूनही कोणाच्या बापाला सोडवता येत नाही.”

“तेच तर दुखणं आहे,” डुगन म्हणाला. “पेरिनलासुद्धा सोडवता येत नाही. बसवा त्याला. पेरिन त्याच्या जागी.”

“तुला मटण विकायचंय का संघ निवडायचाय?”

“कीथ, तू सांग. तुझ्यावर आलंय.”

कीथने काचेवरची वाफ पुसली. ती पुन्हा धरली. “अर्धाच सामना खेळवू या का? किंवा राखीव म्हणून... किंवा असं जाहीर करू की त्याची पाठ धरलीय.”

“त्याची पाठ उत्तम आहे,” नोला म्हणाली. “कणा तुमचा गेलाय.”

“मग तूच बोल ना! सख्खा भाऊ आहे तुझा. खेळवू का नको?”

सुया थांबल्या. मी या बाईला खिडकीसाठी भांडताना पाहिले आहे. लग्नाच्या दिवशी पाहिले आहे आणि बापाला पुरून परत येतानाही पाहिले आहे. शब्द असा तोलताना मात्र कधी पाहिले नव्हते.

“नको,” ती म्हणाली. “पाय गेले म्हणून नव्हे. पाय दोन वर्षांपूर्वीच गेले. तेव्हा तो जागच्या जागी उभा राहून पोरांना चेंडू द्यायचा, पोरं गोल मारायची, म्हणून चाललं. आता त्याला भीती वाटते, की एकदा दिला तर परत मिळायचा नाही. घाबरून खेळतोय तो. मला नाही बघवत.”

व्हर्न दार उघडून पावसात निघून गेला. डुगनने समाधानाने खिसे चाचपले.

आमच्याकडे गुरुवारी सगळे सूप पीत असताना संघ मोठ्याने वाचून दाखवतात. ज्याचे नाव येत नाही त्याने वाडग्यात पाहत बसायचे असते. नोला कीथला म्हणाली, “वाचायच्या आधी त्याला सांग.”

“जेवण होऊ दे, मग बघू.”

“आत्ता.”

कीथ माझ्या समोरच्या कप्प्यात काहीतरी शोधू लागला. त्या कप्प्यात एक सुतळी आणि तुटका चष्मा यांशिवाय काही नव्हते. तेवढ्यात रॉली डोक्यावर पिशवी धरून मैदानाकडून येताना दिसला. नोलाने कीथपुढून हात घालून त्याच्या बाजूची काच खाली केली.

“रॉली! इकडे ये.”

तो आला. पाऊस त्याच्या नाकावरून गळत होता.

“शनिवारी तू नाहीस. पेरिन आहे.”

त्याने आत वाकून पाहिले. “कीथ?”

कीथ सुतळी पाहत होता.

“त्यांनी मला विचारलं,” नोला म्हणाली. “मी म्हणाले, खेळवू नका.”

“शेवटचा हंगाम आहे माझा, नोला.”

“मागच्या वर्षीही होता.”

“अख्खं गाव माझ्या बाजूनं आहे आणि माझीच बहीण—”

“गाव तू पाठ फिरवलीस की हसतं. मी नाही हसत.”

त्याने माझ्या दाराला लाथ घातली. तो डावीकडचा खळगा, ज्यात तुम्ही खेळण्यातले सैनिक लपवता, तो त्या लाथेचा. “आजपासून मला बहीण नाही,” तो म्हणाला आणि सूप न पिताच गेला.

शनिवारी तो येणार नाही असे सगळ्यांना वाटले होते. तो आला. चांगला कोट घालून आला आणि आमच्यापासून लांब कुंपणाशी एकटा उभा राहिला. सामना अटीतटीचा झाला. शेवटी पेरिनने अर्ध्या मैदानातून चेंडू पळवत आणला, दोघांना चुकवले आणि खांबांसमोर येऊन लाथ मारली. चेंडू खांबाला घासून गेला. एक गुण. हवे होते सहा. भोंगा वाजला, हंगाम संपला.

मग लोक माझ्याभोवती जमले. कोणी टपावर थापा मारल्या, कोणी काचेवर सफरचंदाचे अर्धवट खाल्लेले तुकडे फेकले. कीथ क्लबात जाऊन बसला होता. नोलाने काच वर केली नाही. सगळे ऐकत बसली.

“झालं समाधान? भावाला बसवलंस ना?”

“रॉलीनं डोळे मिटून मारला असता तो!” व्हर्न ओरडला.

“मी तर पहिल्यापासून रॉलीच म्हणत होतो,” डुगन म्हणाला. नोलाने त्याच्याकडे असे पाहिले की तो दोन माणसांच्या मागे सरकला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि रॉली आला.

“सांग रे तिला!” व्हर्नने माझ्या टपावर हात आपटला. “तू असतास तर काय झालं असतं, सांग तिला!”

रॉलीने खांबांकडे पाहिले. तिथे पेरिन अजून चिखलात गुडघे टेकून होता. खोटे बोलणे त्या क्षणी किती सोपे होते! सारे गाव ते ऐकायलाच उभे होते.

“मी असतो तर चेंडू तिथवर पोचलाच नसता,” तो म्हणाला. “त्यानं पळत आणला. मी मधेच बसलो असतो.”

व्हर्नचा हात अजून टपावरच होता.

“आणि टपावरचा हात काढ, व्हर्न. माझ्या बापाची गाडी आहे ती.”

मग तो दाराशी आला. “तुझ्याशी मी बोलत नाहीये,” तो नोलाला म्हणाला.

“नको बोलूस. बस. दार दोनदा ओढ, गुरुवारपासून लागत नाही.”

त्याने दोनदा ओढले. आम्ही घरी गेलो. रॉलीला बहिणीशी पुन्हा बोलायला नाताळ उजाडला. तो त्यानंतर खेळला नाही. नोलाने बरोबर केले की चूक, यावर टारंडुकमध्ये अजून भांडणे होतात.

माझे इंजिन त्यानंतर काही वर्षांनी बंद पडले. मला ओढत या शेडमागे आणले. आधी नोलाने माझ्यावर ताडपत्री घातली, वाऱ्याने ती फाटली, मग कोंबड्या आल्या. कीथ गेला. घरातले दरवर्षी मला भंगारात द्यायचे म्हणतात आणि नोला दरवर्षी म्हणते, “पुढच्या वर्षी बघू. तिच्या इंजिनाला काही झालेलं नाही.” माझ्या इंजिनात उंदरांची तिसरी पिढी नांदते आहे, मित्रांनो. नोलाला ते माहीत आहे. तरी कधी कधी ती काठी टेकत येते, स्टीअरिंगशी बसते आणि माझ्या काचा पुसते. भावाला तिने एका वाक्यात सांगितले. मला सांगायला मात्र तिची जीभ रेटत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. माझी पुढची काच धड आहे, मागचे दिवे धड आहेत, स्प्रिंगाही चांगल्या आहेत. चालत्या गाडीला त्यांचा उपयोग होईल, कोंबड्यांना नाही. आज अंडी द्यायला तिच्याकडे जाल तेव्हा तिला सांगा, “नोलाआजी, ती गाडी आता चालायची नाही. तिला जाऊ दे.” गोड बोलू नका, मागे हसू नका. ती चिडेल. काठी उगारेल, उगारू द्या. पण सांगून पळू नका. तिचा राग उतरून ती खुर्चीत बसेपर्यंत तिच्याजवळ उभे राहा.