कुलपाची चकती

मी एक जुनी लोखंडी पाटी आहे, मित्रांनो. हिरव्या रंगावर पांढऱ्या रेषांनी आखलेलं फुटबॉलचं मैदान, तेच माझं अंग. मला रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी शेवटचा हात फिरवताना बजावलं होतं, "पोरी, चकत्यांना जीव लावू नकोस. त्या काढण्यासाठीच असतात." मी मनात म्हटलं, काका म्हातारे झालेत, बोलायचं म्हणून बोलतात.

मग मी एका लहानशा क्लबच्या खोलीत आले. ओल्या मोज्यांचा वास, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर मी. प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची चकती असे. ती सरकवत आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, डाव समजावत. बचावातल्या उंच खेळाडूला सगळे 'कुलूप' म्हणत. तो गोलसमोर उभा राहिला की आत यायची चेंडूची काय बिशाद! सराव संपला की माझ्यावरची धूळ तोच बाहीने पुसायचा. "चल बाई, तोंड धुऊन घे," म्हणायचा. इतरांसाठी मी नुसता पत्रा होते. मग जीव लागणार नाही तर काय?

एका वर्षी आमचा संघ गोल खात नव्हता, पण करतही नव्हता. सरांनी ठरवायला घेतलं, की कुलूप शेजारच्या क्लबला द्यायचा आणि बदल्यात त्यांचा चपळ आघाडीवीर 'भिंगरी' आणायचा.

"घराचं कुलूप देऊन भिंगरी आणताय?" संघाच्या डॉक्टरताई उसळल्या.

"नुसतं कुलूप लावून बसलं तर घरात येणार काय, ताई?"

"बरं, पण आधी त्याला सांगा."

"अहो, ठरू तर द्या!"

जाणाऱ्याची चकती रेषेबाहेर लावायची, अशी आमच्याकडे रीत. सरांनी कुलपाची चकती बाहेर लावली, संघ कसा दिसतो ते नुसतं बघायला. आणि वाद घालत दोघं चहाला गेले. तेवढ्यात कुलूप बूट न्यायला आला.

तो माझ्याकडे बघतच राहिला. अरे, अजून पक्कं नाही, असं मला ओरडायचं होतं. पण पाटीला तोंड कुठलं? त्या दिवशी त्याने धूळ पुसली नाही.

कागदावर अदलाबदल झाली. भिंगरीने गोलांचा सपाटा लावला. लोक सरांची पाठ थोपटू लागले, आणि खरं सांगते, निर्णय चुकला नव्हताच. पण कुलूप नव्या क्लबात गेलाच नाही. फोन बंद. खेळ सोडला म्हणे.

"सर, तुम्ही जिंकलात," डॉक्टरताई म्हणाल्या, "पण तो जेवतो का, झोपतो का, कुणी विचारलंय?"

सरांनी गाडीची किल्ली उचलली, ताईही सोबत निघाल्या. पुढचं ताई भिंगरीला सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. दार कुलपाच्या आईने उघडलं, मागून कुलूपही आला. सर उंबऱ्यातच म्हणाले, "तुला मी सांगायला हवं होतं. पाटीने नव्हे." तो दारातून बाजूला झाला. मग म्हणाला, "आत तरी या."

त्यानंतर तो नव्या क्लबात गेला, आणि आज त्या शेजारच्या संघाचा कर्णधार आहे. त्याच्याविरुद्ध डाव आखताना सर त्याची चकती माझ्यावर समोरच्या बाजूला लावतात. त्याचा स्पर्श नसला तरी त्याचं नाव माझ्या अंगावर आहे. ताईंचे आणि सरांचेही उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, संघ बदलतात, बदलायलाच हवेत. पण तुमच्यातलं कुणी हल्ली खेळायला येत नसेल, तर 'त्याला कळलं असेलच' असं म्हणून गप्प बसू नका. आजच त्याच्या घरी जा. हाक मारा. आणि दार उघडेपर्यंत थांबा.