पडद्यामागचं इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सिनेमा दाखवायचं यंत्र म्हणा हवं तर. साताऱ्याच्या एका गोदामात फाटक्या सतरंज्यांच्या ढिगाखाली मी पडून आहे. माझा दिवा गेला, पट्टा तुटला, भिंगावर धूळ बसली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ज्याचं वाटतं, ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म परदेशातला. बोटीतून आलो तो एका प्रौढ शिक्षण मंडळाच्या गाडीत जाऊन बसलो. ते साल होतं बहात्तर. माझ्याबरोबर काही छोटे छोटे बोलपट आले होते. रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकवणारे. बाजारात काय बोलायचं, पाहुण्याला काय म्हणायचं, आजाऱ्याशी कसं बोलायचं. पडद्यावरचा गोरा माणूस पाय पुढे करून म्हणायचा, 'लेफ्ट लेग', की बसलेले सगळे त्याच्यामागून ओरडायचे. मला चालवायचा हुसेन. सांगलीचा हा माणूस मला स्वतःच्या रुमालानं पुसायचा. वाई म्हणू नका, फलटण म्हणू नका, जिथं जावं तिथं लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच शेफारलो होतो.

मलकापूरच्या पुढं उसात बुडालेलं एक गाव होतं. तिथल्या शाळेत खिडक्यांना पोती लावून दुपारीच अंधार करायचे आणि खोलीच्या मधोमध पडदा म्हणून धोतर ताणून बांधायचे. पुढं बापे बसायचे, धोतराच्या मागं बाया. सासऱ्या-दिरांच्या समोर सुनांनी बसायचं नाही, ही तिथली रीत. चित्र काय, दोन्हीकडून दिसतंच! कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्या बायांत अंजना होती. तिचा नवरा फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. सासरा केरबा तिला धाकट्या दिराच्या, मानसिंगच्या गळ्यात बांधायला निघाला होता. मानसिंग दारू पिऊन हात उचलायचा. त्याची पहिली बायको मार खाऊनच माहेरी निघून गेली होती. अंजनाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तेवढ्यात सांगलीच्या एका दवाखान्यात बायका मदतनीस घेणार असं कळलं. डॉक्टरीणबाई परदेशी, तेव्हा कामापुरतं इंग्रजी कळायला हवं. केरबा चारचौघांत हसून म्हणाला, "घेतली तर जाऊ द्या तिला. न्हाई घेतली तर पाडव्यानंतर लगीन."

त्या दिवसापासून अंजना माझ्या एकाही खेळाला चुकली नाही. सातवी झालेली पोर, इंग्रजीचं एक अक्षर शिकलेली नव्हती. पण आवाज इतका खणखणीत की धोतरापलीकडून मलाही ऐकू यायचा. बाया मध्येच खुसूखुसू हसायच्या. हे गोरे डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं लिहितात, असं त्या आपसात म्हणायच्या. हुसेनच्या कानावर ते पडलं होतं. बायकांची थट्टा म्हणून त्यानं सोडून दिलं. गावात घरटी एक फौजी, लेफ्ट-राईट कुणी ऐकलं नव्हतं? पण त्यातलं डावं कुठलं नि उजवं कुठलं, हे बायांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

अंजना दवाखान्यात गेली. बाईंनी विचारलेल्या गोष्टी तिनं धडाधड सांगितल्या. मग तिला एका रोग्यापाशी नेलं. त्याच्या उजव्या मांडीचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. बाई म्हणाल्या, लेफ्ट लेग वर उचल. अंजनानं पडद्यावर पाहिलं होतं तसंच केलं. उजवा पाय धरला आणि उचलला. तो माणूस मोठ्यानं किंचाळला, त्याचे टाके उसवले होते. तिला तिथूनच परत पाठवलं.

पुढच्या खेळानंतर खोली रिकामी झाल्यावर ती हुसेनपाशी आली. घडलेलं सगळं सांगून, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणाली. हुसेनला बायांचं ते डाव्या हाताचं बोलणं आठवलं. मग त्यानं तोच बोलपट लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा धोतराच्या मागं जाऊन उभा राहिला. गोरा माणूस 'लेफ्ट लेग' म्हणाला आणि पाय पुढे केला तो उजवा. मागून सगळंच उलटं दिसत होतं. हुसेन पुढं आला आणि त्यानं मला बंद केलं.

"ताई, तुमचं कायबी चुकलं न्हाई," तो म्हणाला. "आमीच तुमाला उलटं शिकवलं."

"आता कळून काय उपेग, हुसेनभाऊ? परवा हळद हाय."

दुसऱ्या दिवशी हुसेन पहिल्या एसटीनं दवाखान्यात गेला. जागा भरली होती. केरबाच्या पाया पडला, तर केरबानं बोललेला शब्द फिरवला नाही. लग्न लागलं. बायांना पुढं बसू द्या, असं हुसेननं गावाला विनवलं. गावानं ते हसण्यावारी नेलं. मग त्यानं धोतर सरळ भिंतीला लावलं, तेव्हापासून एकही बाई आली नाही.

सहा-सात महिन्यांनी आमची गाडी त्याच गावच्या फाट्यावर थांबली होती. अंजना एसटीची वाट बघत उभी होती. एक डोळा सुजलेला, डावा हात फडक्यानं गळ्यात अडकवलेला. हुसेननं विचारलं, काय झालं ताई? तिनं गळ्यातला हात जरासा वर केला.

"लेफ्ट हँड," ती म्हणाली. "आता बरोबर हाय न्हवं?"

हुसेननं गाडी सुरू केली. कराडपर्यंत तो रडत होता आणि मी मागं पेटीत आदळत होतो.

मित्रांनो, मला पुसू नका, माझा दिवा बदलू नका. पण उद्या तुम्ही कुणाला काही शिकवायला बसलात, तर सगळ्यांत मागं बसलेल्या बाईजवळ जाऊन एकदा बसा, आणि तिला काय दिसतंय ते तिला विचारा.