तळघरातून वर आणलेले पिंप

मी एक जुने पिंप आहे. ओकच्या लाकडाचे, पोटाशी फुगलेले, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले. मित्रांनो, या गावाभोवती द्राक्षमळे आहेत आणि त्या मळ्यांपायी इथे पाहुण्यांची वर्दळ असते. त्यांच्यासाठी असलेल्या एका छोट्या, देखण्या हॉटेलात, रिसेप्शनच्या कोपऱ्यात मी उभे असते. माझ्या डोक्यावर टेबललॅम्प आहे. येणारेजाणारे माझ्यावर कोपर टेकतात, फोटो काढतात, "काय सुंदर पिंप आहे," म्हणतात. ते ऐकून मला बरे वाटत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म जाळावर झाला. पिंपे करणाऱ्या सुताराने माझ्या फळ्या गोलाकार उभ्या केल्या, मधोमध आग पेटवली आणि तापलेल्या फळ्या हळूहळू वाकवल्या. खिळा नाही, सरस नाही. फळ्यांनी एकमेकींना घट्ट धरून राहायचे, एवढेच. तिथून मी या घरी आले.

तेव्हा हे हॉटेल नव्हते, एका बहीणभावाचे घर होते. बहिणीला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. ताई वाइन करी, धाकटा भाऊ ती विकी. घराखालच्या थंडगार तळघरात आम्ही पिंपे ओळीने आडवी असायचो. ताई आमच्यातला घोटभर काढून चाखताना डोळे मिटी. वाइन मनासारखी उतरली की माझ्या पोटावर थाप मारून म्हणे, "शहाणं गं माझं ते."

भाऊ जिन्यावरून ओरडे, "झाली का गं?"

"तिला घाई नाही. तुलाच आहे."

असे दिवस छान चालले होते. मग गावात पाहुणे वाढले आणि भावाच्या डोक्यात हॉटेल शिरले.

"वरच्या खोल्या नुसत्या पडून आहेत, ताई. बुटीक हॉटेल काढू. लोक इथे राहतील, तुझी वाइन पितील. तळघराला मी हात लावणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

ताई हो म्हणाली. मीही आपले मनात सुखावले. पुढे ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. निघताना बजावून गेली, "मी येईपर्यंत कोणी बूच काढायचं नाही."

ती गेली आणि तळघरात मजूर उतरले. भावाला तिथे पाहुण्यांसाठी मसाजची खोली करायची होती. आमची बुचे मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढली. ताईने जीव लावून मुरत ठेवलेली वाइन घळाघळा वाहत मोरीच्या जाळीत गेली. माझ्या शेजारच्याला मधोमध कापले, त्याची वॉशबेसिने झाली. बाकीची शेकोटीत गेली. मला वर आणले, पॉलिश चढवले आणि दिव्याची वायर घालायला पाठीत भोक पाडले. मजुरांचा मला राग आला नाही. भावाचा आला. आमच्या जिवावर त्याचे घर चालले होते.

ताई परतली. दारातून आत आली आणि मला पाहून थबकली.

"हे वर कसं?"

"जागा लागत होती, ताई."

"आणि आतली वाइन?"

भाऊ हातातल्या चाव्यांशी चाळा करत राहिला. "अर्धवट होती. कोणी घेतली नसती. उद्घाटन तोंडावर आलं होतं. तुला सांगणारच होतो."

त्याने घाईघाईने एक चावी पुढे केली. "तुझ्यासाठी बागेकडची खोली ठेवलीय. अगदी पाहुण्यांसारखी राहा."

स्वतःच्याच घरात ती पाहुणी म्हणून झोपली. सकाळी भाऊ एका जोडप्याला माझ्यापाशी घेऊन आला.

"ही आमच्या घराची परंपरा. माझी बहीण यात वाइन मुरवायची. अजून वास येतो बघा."

बाईंनी नाक टेकवले. "खरंच की. त्या कुठे असतात आता?"

"इथेच," जिना उतरत ताई म्हणाली.

जोडप्याला हसावे की नाही कळेना. ते बागेत सटकले. भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "हवं तर घेऊन जा हे पिंप. मी दुसरं आणीन."

ताईने माझ्या पाठीतले भोक बोटाने चाचपले. "नको. यात आता काही राहायचं नाही."

ती माझ्याबद्दल बोलली की भावाबद्दल, मला सांगता येणार नाही. लागले मात्र दोघांनाही. चावी माझ्यावर ठेवून ती निघाली.

"नाश्ता तरी करून जा," भाऊ म्हणाला. तोवर दार लागले होते.

आता गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईने एक शेड भाड्याने घेतली आहे. नवी पिंपे, विकत घेतलेली द्राक्षे. तिची वाइन गावात सगळीकडे मिळते, फक्त या हॉटेलात नाही. भाऊ मागायला गेला होता. परत येऊन माझ्यापाशी उभा राहून बायकोला म्हणाला, "'तुला सोडून कोणालाही देईन,' म्हणाली ताई." संध्याकाळी पाहुणे बाहेरून जेवून येतात आणि विचारतात, "काय वाइन प्यायलो हो आज! तुम्ही का ठेवत नाही?" भाऊ फडके घेऊन मला पुसत राहतो. धूळ नसली तरी पुसतो.

मित्रांनो, रिकाम्या पिंपाचे लाकूड सुकत जाते. माझ्या फळ्यांत फटी पडल्या आहेत, पट्ट्या सैलावल्या आहेत. वस्तू जुन्या होतात, मोडतात, त्याचे मला दुःख नाही. पण कोणी विश्वासाने तुमच्यावर काही सोपवून गेले, तर ते जपा. जपणे जमणार नसेल, तर त्याच्या तोंडावर तसे सांगा. ज्याला शब्द दिला तो माणूस घरात नसतो, तेव्हाच तो शब्द पाळायचा असतो.