तीस जिताडे

वहाबने लवंगतेलाच्या पाण्यात गुंगलेला जिताडा अलगद उचलला, फळीवर आडवा ठेवला आणि शेपूट सरळ करत म्हणाला,

"पस्तीस."

कठड्याशी बसलेल्या नबीलाने आकडा लिहून घेतला. मग तिने मांडीवरच्या टॅबकडे पाहिलं. पिंजऱ्यात सोडलेला दोन भिंगांचा कॅमेरा समोरून जाणारा प्रत्येक मासा मोजत होता, त्याला हातही न लावता.

"अम्म वहाब," ती म्हणाली. अरबीत वडीलधाऱ्या माणसाला काका म्हणतात ते असं. "कॅमेरा सरासरी एकतीस सेंटिमीटर सांगतोय. तुमची चौतीस येतेय."

"सांगू दे त्याला," वहाब मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला.

तांबड्या समुद्रातल्या या तरंगत्या पिंजऱ्यांवर त्याला अकरा वर्षं झाली होती. दर पंधरवड्याला तीस जिताडे काढायचे, मोजायचे, परत सोडायचे. त्याच्या आकड्यावर मालाची बोट कधी बोलवायची ते ठरे. आता प्रत्येक खात्यात सौदी माणूस हवा असा नियम आला, आणि जेद्द्याहून ही पोरगी कॅमेरा घेऊन उतरली. वहाबच्या इकाम्याचे, तिथे राहण्याच्या परवान्याचे, दोन महिने उरले होते. मॅनेजरने स्वच्छच सांगितलं होतं, की दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर पुन्हा मोजायचं, मग कॅमेरा ठेवायचा की वहाब, ते ठरेल.

बोट चालवणारा गुहागरचा शारीक रोज कानाशी लागायचा. "वहाबभाय, तिला सगला नको शिकवू. स्टोअरवाल्या कुमारने शिकवला, तो खलास झाला. ज्याला शिकवला त्यानेच त्याच्या निरोपाचा केक कापला."

ते वहाबला पटलं होतं. शिवाय पोरगी जरा जास्तच गोड वागायची. पाणी आणून द्यायची, सावलीत बसा म्हणायची. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं त्याने खूप पाहिली होती. मशीनच तिने कमी दाखवायला लावलं असणार, असं त्याच्या मनाने पक्कं धरलं. शेवटची जाळी उपसताना त्याने मागे वळून पाहिलं, तर तिचा फोन त्याच्याकडे रोखलेला. तिने तो चटकन खाली केला आणि वहाबच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर यायच्या तासभर आधी त्याने तिला गाठलं.

"माझा व्हिडिओ काढलास ना? दाखव."

नबीला गोरीमोरी झाली. मग तिने फोन पुढे केला.

पडद्यावर पाठमोरा वहाब हातजाळीतून मासे टबात टाकत होता. एक, दोन, तीन. चौथा लहान होता. वहाबचा डावा हात त्याला उचलून कठड्यापलीकडे परत पिंजऱ्यातच सोडून मोकळा झाला, आणि उजव्या हाताने पाचवा टबात टाकला. पुढे पुन्हा तसंच. तीस मोजून होईपर्यंत नऊ मासे त्या हाताने सोडले होते.

वहाबने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. एकही आठवत नव्हता.

"का सोडता?" तिने विचारलं.

"लहान आहेत," तो म्हणाला.

दाभोळच्या खाडीत सात वर्षांच्या वहाबने कोवळा जिताडा टोपलीत टाकला, तेव्हा बापाने थोबाडीत दिली होती. लहान मासा घरी आणायचा नाही. त्यानंतर हाताला कधी सांगावं लागलं नाही.

"मला वाटलं, कॅमेरा खोटा पडावा म्हणून तुम्ही मुद्दाम करता," नबीला म्हणाली. "म्हणून काढला. मॅनेजरना दाखवलेला नाही."

वहाबला माल निघतानाचे दिवस आठवत होते. लहान वगळून केलेल्या त्याच्या अंदाजापेक्षा दरवेळी वजन कमी भरायचं. मॅनेजर म्हणायचा, मासे चोरीला जातात. दोन वर्षांपूर्वी त्या संशयावर हर्णैच्या मुस्तफाला परत पाठवलं होतं. मुस्तफा कामगारांच्या खोलीत वहाबच्याच शेजारी झोपायचा. जाताना त्याने वहाबपुढे हात केला होता, आणि वहाबने तो हातात घेतला नव्हता.

मॅनेजरची बोट लागली. नबीलाने फोन खिशात घातला आणि वही उघडली. "तुम्ही म्हणाल ते लिहीन," ती हळूच म्हणाली.

वहाबने जाळी उपसली. पहिले दोन भरदार निघाले. तिसरा लहान होता. डावा हात पुढे आला, बोटं माशाभोवती वळली आणि तशीच अडखळली. त्याने तो मासा टबात टाकला, गुंगल्यावर फळीवर ठेवला.

"सव्वीस."

नबीलाने लिहिलं. मग अठ्ठावीस आला, मग सत्तावीस. सरासरी उतरत चालली तसा मॅनेजर पुढे सरकला.

"आज एवढे लहान कसे, वहाब?"

"लहान पहिल्यापासून होते," वहाब म्हणाला. "मी मोजायच्या आधीच सोडून देत होतो. अकरा वर्षं."

मॅनेजरने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग नबीलाकडे. "म्हणजे हा बरोबर आहे. ठरलं तर."

"ठरलं," वहाब म्हणाला. "पण अजून एक लिहा. मुस्तफाने मासे चोरले नव्हते."

मॅनेजरला ते नाव आठवायला वेळ लागला. तोवर वहाब पुढच्या माशाची शेपूट सरळ करत होता.