ट्रायलचे बूट

माणसाचं नशीब कपाळावर लिहिलेलं नसतं, ते तळपायाखाली असतं, असं नागसेन चहांदे सरांनी अतिशय गंभीरपणे सांगितलं. चंद्रपुरातल्या त्या दुकानात यावर लगेच एकमत झालं, कारण दुकान बुटांचं होतं.

"एकदम राइट बोलले सर," दुकानदार नथ्थूभाऊ म्हणाले. "बोला, कोन्तं नशीब दाखवू?"

सरांच्या मागे सोमारी पुंगाटी उभी होती. भामरागडच्या पलीकडच्या गावातली, आश्रमशाळेत शिकलेली, आणि आता राजुऱ्यात मावसबहिणीकडे राहून सरांच्या 'झेप भरती अकॅडमी'त वनरक्षकाच्या नोकरीची तयारी करणारी. लेखी परीक्षेत ती पास झाली होती. धाव तेवढी राहिली होती. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची भरती. दुकानात शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. इथे त्या काढायच्या नसतात, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

"रोडवरचा बूट येगळा, मुरमावरचा येगळा, चिखलातला येगळा," सर नथ्थूभाऊंना समजावू लागले. "कमी पल्ल्याले हलका, लांब पल्ल्याले नरम. इले तीन किलोमीटर धावा लागते, मंग सोळा किलोमीटर चाला बी लागते. दोन्ही जमन असा पायजे."

हे ज्ञान सरांनी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून मिळवलं होतं. अकॅडमीत ते फळ्यावर बुटाची आकृती काढून शिकवत. पोरं चपला बाकाखाली सारून मन लावून ऐकत.

नथ्थूभाऊंनी माळ्यावरून एक खोका काढला आणि बाहीनं पुसला. "हे घ्या. खास ट्रायलचे बूट. भरतीवाले पोरं हेच नेऊन राह्यले. खोक्यावरच लिवलं हाये."

सरांनी खोका दूर धरून इंग्रजी अक्षरं जुळवली. "ट्रायल. रनिंग. बरोबर."

भरतीच्या मैदानी परीक्षेला इकडे ट्रायलच म्हणतात. एका परदेशी कंपनीनं चंद्रपूर-गडचिरोलीच्या भरतीवाल्यांसाठी खास बूट काढला, याचं सरांना नवल वाटलं नाही. फार उशिरा काढला, एवढंच वाटलं.

बुटाच्या तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे रबरी खुंट होते. सोमारीनं पाय घातले आणि दोन पावलं टाकली.

"सर, जड हायेत."

"मजबूत हायेत."

"ढिले बी हायेत."

"धावताना पाय फुगते. म्हनून एक नंबर मोठाच घ्या लागते."

"माहा नाई फुगत."

"आतापरेंत बूट घातला होता का कधी? मंग तुले कसं समजन?"

सोमारी वाकून नाड्या सोडू लागली. नथ्थूभाऊंकडे बिल तयार होतं. ते सरांनी भरलं आणि घरी सांगायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अकॅडमीत खोका हातोहात फिरला. अकॅडमी म्हणजे कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगतचं एक मोकळं मैदान, फळा आणि पत्र्याची शेड. खोका पिंकीकडे पोचला. ही पोरगी मोबाइलशिवाय घासही गिळत नसे.

"सर, हे ट्रायल नाई," ती म्हणाली. "वाचताना आय आन् ए मांगं-पुढं झाले. ट्रेल हाये हे. ट्रेल म्हंजे जंगलातली पायवाट. दगडाधोंड्यात, चिखलात धावाचे बूट हायेत हे."

सरांनी खडू खाली ठेवला.

"मंग? वनरक्षक कुठी काम करते? मॉलमंदी?"

"पन सर, धाव तर रोडवर राह्यते ना."

"पिंके, तू वनखात्याची सचिव हायेस का?"

पोरं हसली आणि विषय निकालात निघाला. एका चुकीला आता दोन कारणं मिळाली होती, त्यामुळे ती बरीच भक्कम झाली.

सरांच्या बुटांवरच्या श्रद्धेला इतिहास होता. तरुणपणी ते गडचिरोलीला पोलीस भरतीत अनवाणी धावले होते आणि शेवटच्या फेरीत बाजूला जाऊन बसले होते. त्यानंतर ते बी.पी.एड. झाले, गडचांदूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राबले, तिथली जागाच रद्द झाली तेव्हा अकॅडमी काढली. या सगळ्या काळात एक वाक्य मात्र कायम सेवेत होतं: "बूट असते तं आज मी पीएसआय असतो." नवी बॅच आली की पहिल्या दिवशी ते सांगितलं जाई. त्यांची बायको माधवी ते लग्नापासून ऐकत होती. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बूट नवते हे खरं. पन दम बी नवता, थे काऊन नाई सांगत पोराईले?"

त्या दिवशी सर जेवले नाहीत. म्हणजे उशिरा जेवले.

सोमारी बूट घालून पहिली आली की माधवीला परस्पर उत्तर मिळणार होतं. पोरीला नोकरी लागणार, हे तर होतंच.

अडचण एवढीच होती, की सोमारी अनवाणी धावली की मैदानात तिच्या जवळपास कोणी नसे, आणि बूट घालून धावली की पिंकीसुद्धा तिच्या पुढे जाई. सर म्हणत, "नवे हायेत. मुरले नाईत अजून." बूट हे लोणचं असल्यासारखी मग सगळे वाट पाहू लागले. सोमारीच्या टाचेला फोड आले, फुटले, पुन्हा आले. सरांनी तिच्याकडून फी घेतली नव्हती, आणि फुकट शिकणाऱ्याला फोड आले तर ते त्यानं आपल्याजवळच ठेवायचे असतात.

धावेची जागा ठरली ती गावाबाहेरच्या नव्याकोऱ्या सिमेंटच्या गोल रस्त्यावर: दोन फेऱ्या, मग वळून शेवटची रेषा. त्यावर दगड नव्हते, धोंडे नव्हते, चिखल तर औषधालाही नव्हता. पिंकीनं सरांकडे पाहिलं. सरांनी आकाशाकडे पाहिलं.

उमेदवारांना वेळ मोजणाऱ्या चिपा वाटल्या जात होत्या. अनवाणी पोरींच्या घोट्याला पट्टीनं बांधत, बूटवाल्यांच्या नाडीत ओवत. टायमिंगवाल्या बाईनं सोमारीच्या एका बुटाची नाडी सैल केली, चिप ओवली आणि घोकलेलं सांगितलं, "शेवटच्या रेषेवर काळी चटई हाये. तिच्यावरून चिप गेली का टीं वाजते, टाइम लागते. चिप सांभाळाची जबाबदारी तुमची."

सोमारी दोरीपलीकडे उभ्या असलेल्या सरांजवळ आली. "सर, मी बिनाबुटाची धावू?"

"येडी झाली का? एवढे मोठे साहेब लोक पाहून राह्यले. म्हनतीन, जंगलातून तशीच उचलून आनली."

"मी जंगलातलीच हाये सर. नोकरी बी जंगलातलीच हाये."

"म्हनून तं ट्रेलचे घेतले," सर म्हणाले. शब्द आता त्यांना नीट येत होता.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत सोमारी मधल्या घोळक्यात होती. खुंट सिमेंटवर टापांसारखे वाजत होते. दुसऱ्या फेरीत ती लंगडू लागली आणि सरांनी दोरी घट्ट धरली. शेवटच्या वळणावर, बरोबर त्यांच्यासमोर, तिनं एक पाय झटकला, मग दुसरा. एक नंबर मोठे बूट काही कुरकुर न करता निघाले.

मग जे झालं त्याचं वर्णन सरांनी पुढे कधी केलं नाही. सोमारी पळाली. पुढच्या पोरी एकेक करून मागे पडत गेल्या, जशी बसच्या खिडकीतून झाडं जातात. ती पहिली आली. दोरीपाशी आरडाओरडा झाला. चटईनं मात्र हूं की चूं केलं नाही, पण ते त्या गोंगाटात कोणाच्या लक्षात येणार?

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी रस्त्यावरचे बूट उचलले, छातीशी धरले आणि रेषेकडे निघाले. शेवटच्या पोरी अजून येत होत्या. बंदोबस्तावरच्या शिपायानं अडवलं, तेव्हा ते म्हणाले, "पहिली आली ना, माही पोरगी हाये थे. बूट राह्यले तिचे." शिपायानं हात मिळवला. एका पालकानं अकॅडमीचा पत्ता विचारला, सरांनी तो खुणांसकट सांगितला. कोणीतरी चहा पुढे केला, तोही घेतला. मग ते संथपणे काळ्या चटईवरून चालत पलीकडे गेले.

चटई म्हणाली, टीं.

टेबलामागचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी संगणकाचा पडदा दोनदा पाहिला. "चिप आलीच नसती तर आपण व्हिडिओ बघितला असता. तशी सोय आहे. पण चिप आली ना. टाइम लागला, आता तोच धरावा लागणार."

"साहेब, चिप मी आनली! माह्या हातात होते बूट!"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे मला सांगितलं, दुसऱ्याला सांगू नका, मास्तर. उमेदवाराची चिप भलत्याच माणसानं रेषेपार नेली, याचा अर्थ कळतो का? पोरीवर केस होईल."

सरांना अर्थ कळला. ते भरती शिकवत असत.

सोमारी रस्त्याच्या कडेला बसून टाच पाहत होती. पिंकी तिच्या शेजारी होती आणि तिनं, आयुष्यात पहिल्यांदा, मोबाइल खिशात ठेवला होता.

"सर," सोमारी म्हणाली, "तुमी बूट काऊन आनले?"

सरांनी हातातल्या बुटांकडे पाहिलं. "नवे होते," ते म्हणाले.

तिनं मान हलवली, जणू हे कारण पुरेसं होतं. मग ती उठली आणि पिंकीबरोबर बसच्या दिशेनं अनवाणीच चालू लागली. सिमेंट चांगलंच तापलं होतं. तिची चाल मात्र बदलली नाही.

नागसेन चहांदे यांनी भरतीत पूर्ण केलेली ही एकमेव धाव. गुण मिळाले शून्य.