आल्या वाटेने परतायचं नाही

माझा थोरला पलटणीत सुभेदार. बोलायला महाकंजूष. जंगलात काय झालं ते त्याने मला सांगितलंच नाही. त्याचा वायरलेसवाला घरी येऊन गेला, त्याच्याकडून मी ते काढून घेतलं. काढून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

जावईही त्याच तुकडीत. लेकीसाठी तो थोरल्यानेच पाहिलेला. घरी त्याला भाऊजी म्हणून मान द्यायचा आणि पलटणीत त्याच्यावर हुकूम सोडायचा, असं ते नातं.

जंगलातला त्यांचा एक नेम आहे. ज्या वाटेने आत गेलो त्या वाटेने बाहेर यायचं नाही. कोयत्याने झाडी तोडून केलेली वाट शत्रूलाही दिसते. तो मागाहून येऊन तिथे सुरुंग पेरून ठेवतो.

त्या सकाळी चकमक झाली आणि जावयाच्या मांडीत गोळी घुसली. करकचून पट्टी आवळली तेव्हा कुठे रक्त थांबलं. पण तशी पट्टी फार वेळ राहिली तर पाय मरतो. हेलिकॉप्टर उतरणार ते नदीच्या वाळूत. आत येताना केलेल्या वाटेने वाळू जवळ होती, नाहीतर दलदलीतून दिवसभराचा वळसा.

सगळ्यांचे डोळे त्या वाटेकडे. एक शिपाई, त्याला सगळे फटाका म्हणत, तो पुटपुटला की साहेबांना बहिणीपेक्षा नियम प्यारा. थोरल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग जावईच बोलला. पलटणीत तो थोरल्याला साहेब म्हणायचा, पण त्या घटकेला तोंडून घरचं नातं निघालं.

"दादा, त्याच वाटेने ने रे. पाय जाईल माझा."

"तुम्ही एकटे असता तर नेलं असतं," थोरला म्हणाला. मग बाकीच्यांना म्हणाला, "स्ट्रेचर उचला. पुढे मी."

दलदलीत कमरेइतका चिखल. थोरला काठीने तळ चाचपत पुढे, मागे खांद्यावर स्ट्रेचर. खोकायचीसुद्धा चोरी. त्याने हाताने खूण करायची, मागच्याने ती आणखी मागे पोचवायची. कण्हणं बाहेर पडू नये म्हणून जावयाने स्वतःची बाही दातांत धरली होती.

थोरल्याने मूठ वर केली. सगळे जागच्या जागी थिजले. समोरच्या उंचवट्यावर मशीनगन लावून शत्रूची माणसं बसली होती. मागे फिरावं तर चिखल पाय सोडत नाही, थांबावं तर जावयाचा पाय जातो. थोरल्याने स्ट्रेचर उंच गवतात दडवायला लावलं आणि फटाक्याला जवळ ओढून कानात सांगितलं, मी पडलो तर या सगळ्यांना तू बाहेर काढायचं. टोमणा मारणाऱ्याच्याच हाती सगळं सोपवलं. मी असते तर आधी त्याचे कान उपटले असते.

मग थोरला एकटाच नाकापर्यंत पाण्यात बुडून लांबचा वळसा घेत निघाला. मागे तुकडीतली माणसं नुसतं पाणी हलतंय का बघत होती. ते हललं. मशीनगन तडतडली. एक गोळी त्याच्या खांद्याचं मांस घेऊन गेली. तरी हा उंचवट्याच्या पाठीशी पोचला आणि तिथून त्याने ग्रेनेड टाकला. मशीनगन गप्प झाली.

सगळे जिवंत बाहेर आले. जावयाचा पाय मात्र डॉक्टरांनी मांडीतून कापला. पलटणीने थोरल्याला पदक दिलं, लेकीने त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी मीच त्याला तिच्या दारात नेऊन उभं केलं. तिने दार उघडलं, पण ये म्हणाली नाही. जावई पलंगावर होता. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर त्याच्या कुबड्या.

लेकीने एवढंच विचारलं, "त्या वाटेवर सुरुंग होते का?"

मी मनात म्हटलं, हो म्हण मेल्या.

"माहीत नाही," तो म्हणाला. "नंतर तिथे कोणी गेलंच नाही."

लेकीचा चेहरा दगडासारखा झाला. तेव्हा जावई उशीला टेकून बसला.

"गोळी तुझ्या भावाला लागली असती आणि तुकडी माझ्या हातात असती, तर मीही त्याला चिखलातूनच आणलं असतं," तो तिला म्हणाला. "आणि या आई माझ्याशी जन्मात बोलल्या नसत्या."

खोटं नव्हतं ते. मी पदर सारखा करत खिडकीबाहेर पाहिलं.

 मग लेकीने खुर्चीवरच्या कुबड्या उचलून भिंतीला लावल्या. थोरला मात्र ती "बस" म्हणेपर्यंत उभाच राहिला.