बापाची काळी तीन

यादोराव गेल्यापासून पत्र्याची गिटार खुंटीला लटकली होती. पोटात पातळ पत्र्याची वाटी असलेलं ते जुनं वाद्य त्यांनी तरुणपणी तुमसरच्या एका बँडवाल्याकडून घेतलं होतं. ते मांडीवर आडवं ठेवून लोखंडी कांडीनं वाजवायचे, आणि त्याच्या साथीनं पार्वताबाईंनी अख्ख्या साकोली तालुक्यात भीमगीतं गायली. आता यादोरावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला एकोडीच्या विहारात त्या गाणार होत्या. साथीला मुलगा, अश्विन.

"काळी तीनमंधी लाव," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर त्याच सुरात गायली मी."

अश्विननं बापाच्या तारा काढल्या, तर त्या भलत्याच जाड निघाल्या. वरठीच्या कारखान्यात लोखंडाशी रोजची गाठ, ताण त्याला कळत होता. एवढ्या जाड तारा काळी तीनपर्यंत चढवल्या तर वाटी तरी दबून बसणार, नाहीतर मान तरी उखडणार. गर्दीत आवाज पोचावा म्हणून म्हातारा वाद्याचा जीव घेत होता, असं ठरवून त्यानं बारीक तारा मागवल्या. सा प सा ग प सा, सहाही तारा मोबाइलवर बघून तंतोतंत काळी तीनला मिळवल्या. स्वतःच्या हुशारीवर स्वारी खूशही झाली.

विहारात दुसऱ्याच गाण्याला, ओळ वर चढते तिथं, पार्वताबाईंचा आवाज फाटला. त्यांनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. लोक माना खाली घालून बसले. माइक खाली ठेवून त्या भिंतीशी जाऊन बसल्या. अश्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते होते तंवर गळा होता," घरी आल्यावर त्या म्हणाल्या. "आता सरला. गिटार इकून टाक." ताटाला हातसुद्धा लावला नाही.

बापाचा शेवटचा कार्यक्रम अश्विनच्या मोबाइलमध्ये होता. तो अंगणात ऐकत बसला. आई किती मोकळी गात होती. त्याला शंका आली. बायकोचा, तृप्तीचा मोबाइल शेजारी धरून त्यानं सूर तपासला. पांढरी तीन, म्हणजे पेटीवर काळी तीनहून दोन पट्ट्या खाली. त्याआधीच्या वर्षीचा तपासला, तर पांढरी चार. आईचा गळा उतरत गेला तसा बाप गिटारचा सूर उतरवत गेला होता. उतरवलेल्या बारीक तारा ढिल्या पडून खडखडतात, म्हणून दरवेळी जाड तारा घालत गेला. आणि आईला शेवटपर्यंत काळी तीनच सांगत आला. आपण बापाला अडाणी ठरवलं, याची अश्विनला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या जाड तारा परत चढवल्या आणि पांढरी तीनला मिळवल्या.

"कायले लावून राहिला? मी नाही गात."

"एक डाव गाऊन पाय, माय. माह्या ताराच चुकल्या होत्या. बाबाच्याच परत लावल्या."

"सूर कोणता?"

आईशी तो कधी खोटं बोललाच नव्हता असं नाही, पण असं नजरेला नजर देऊन नाही.

"काळी तीन."

चुलीजवळ बसल्या बसल्याच त्यांनी गाणं धरलं. ती ओळ आली तशी त्यानं कांडी अलगद वर सरकवली. आवाज सरळ वर गेला आणि तिथं टिकला.

"पाय," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुह्या बापाची काळी तीन हेच."

"हो, माय," अश्विन म्हणाला, आणि पुढच्या वर्षासाठी याहून जाड तारा कुठं मिळतील, याचा विचार करू लागला.